चार उन्हाळ्यांचं गवत

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा रोमेड याला काहीही विचारा, त्याचं उत्तर ठरलेलं असतं. "बघू." छप्पर गळतंय, बघू. दाढ दुखतेय, बघू. "माझ्या मुलीशी लग्न करणार आहेस का?" असं आमच्या वडिलांनी त्याला तोंडावर विचारलं, तेव्हाही हा बाबा "बघू" म्हणाला होता, आणि माझी बहीण आफ्रा दाराआड उभी राहून हसत होती. ती त्याला ओळखून होती. रोमेडचं 'बघू' म्हणजे हो असतं, फक्त त्याला वेळ लागतो. मला मात्र वाट बघायची सवय नाही. एकतीस वर्षं मी आल्प्सच्या डोंगरातल्या आमच्या इनरफाल्ड गावात टपाल वाटलं, आणि टपाल उद्यावर ढकलता येत नाही.

रोमेड आता बासष्टचा आहे. हिवाळ्यात तो तारेवरच्या पाळण्यांच्या वरच्या स्टेशनवर यंत्रं सांभाळतो आणि सकाळी स्कीचे उतार उघडायचे की बंद ठेवायचे ते बघणाऱ्या तिघांपैकी एक असतो. उन्हाळ्यात एक गाय, दोन वासरं आणि चढावरचं थोडं गवत, एवढा त्याचा संसार. माणूस कमी बोलणारा, पण हात सोन्याचे. माझं शिवणयंत्र त्याने तीनदा जिवंत केलंय आणि तिन्ही वेळा कॉफीशिवाय काही घेतलं नाही.

त्यांच्या मालकीचं एक कुरण आहे, झाडांची रांग संपते त्याच्याही वर. असं उभं की कापणीच्या वेळी बुटांना लोखंडी काटे बांधावे लागतात. वर एका कडेला खडकाच्या आडोशाने गवत साठवायची लाकडी खोपटी आहे. ऑगस्टमध्ये रोमेड आणि आफ्रा लांब दांड्याचे विळे घेऊन तिथे चढायचे, गवत कापायचे, वाळवायचे, खोपटीत भरायचे, आणि बर्फ पडला की स्लेजवर लादून खाली ओढून आणायचे. दोन फेब्रुवारीला, मेणबत्त्यांच्या सणाला, शेवटचा भारा खाली येई. तो टाकून दोघं पुन्हा वर जात आणि कुरणावरून स्की करत उतरत. पुढे रोमेड, मागे आफ्रा.

आणि रोमेडच्या कमरेला लाल दोरी.

त्या दोरीबद्दल मला बोललंच पाहिजे, कारण ती खरं तर माझ्याकडे यायला हवी होती. आमचे वडील गवत ओढायला जात तेव्हा ती कमरेला बांधत. वीस पावलं लांब, सुती, आणि हातभर अंतरावर पितळेचे चपटे बिल्ले. प्रत्येक बिल्ल्यावर एक बाण कोरलेला, माणसाच्या दिशेने. हिमलोटात माणूस गाडला गेला तरी हलकी दोरी वर तरंगते, बाण बघत जायचं आणि खणायचं. आता सगळ्यांकडे छातीवर बांधायची शोधयंत्रं आहेत, दोरी कोण बांधतो? पण वडिलांनी ती लग्नात आफ्राला दिली. मोठी मी, दोरी धाकटीला. मला सुपाचं भांडं मिळालं. मी कधी बोलले नाही असं म्हणणार नाही, बऱ्याचदा बोलले.

आफ्रा ती रोमेडच्या कमरेला बांधायची आणि उतारावर मोकळी सोडायला लावायची. ती मागून ओरडायची, "तुझी शेपटी दिसतेय मला, जा बिनधास्त." सगळं गाव हसायचं. रोमेडही.

आफ्रा गेली त्याला चार वर्षं झाली. मार्च महिना होता, तीन महिन्यांचं दुखणं. त्यानंतर रोमेडने त्या कुरणाला विळा लावला नाही. पहिल्या उन्हाळ्यात मी काही बोलले नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात म्हटलं, मी येते मदतीला. "बघू." तिसऱ्या उन्हाळ्यात म्हटलं, निदान आमच्या आईचं गवत ओढायचं दाताळं तरी खाली आण, खोपटीत सडेल ते. "बघू." चौथ्या उन्हाळ्यात मी त्याच्याशी दोन महिने बोलले नाही, आणि ते त्याच्या लक्षात आलं की नाही देव जाणे. मेणबत्त्यांच्या सणाला मात्र तो दरवर्षी एकटा वर जायचा आणि लाल दोरी सोडून उतरायचा. मागे कुणी नसताना.

यंदा मी ठरवलं, आपण बरोबर जायचं. दाताळं आणायचं, आणि चार गोष्टी सुनवायच्या. खोपटीतून तो पळून कुठे जाणार होता?

त्या सकाळी चर्चमधून आशीर्वादाच्या मेणबत्त्या घेऊन आम्ही बाहेर पडलो, तर पायऱ्यांवर कासियानकाका उभे. चौऱ्याऐंशीचे आहेत, या खोऱ्यातले शेवटचे जुने गवतकापे. आठवडाभर उबदार वारा वाहत होता, छपरांवरून पाणी गळत होतं.

"वर निघालास?" त्यांनी रोमेडला विचारलं.

"दुपारी. पाळी संपली की."

"कुरणाने तोंड उघडलंय. माझ्या खिडकीतून दिसतं."

बर्फाला आडवी भेग पडते आणि खाली काळी जमीन दिसते, त्याला आम्ही तोंड उघडलं म्हणतो. रोमेड म्हणाला, "उघडलं म्हणजे ताण सुटला की, काका. तुम्हीच शिकवलंत. तोंड उघडलेलं कुरण जागेवर बसून राहतं, घसरत नाही."

"कापलेलं कुरण बसून राहतं," कासियानकाका म्हणाले. "खाली खुंट असतात, ते बर्फाला धरतात. तुझ्या कुरणाला चार उन्हाळे विळा नाही."

"चाळीस वर्षं उतरतोय मी तिथून."

"ते कापत होतास म्हणून."

रोमेडने टोपी सारखी केली आणि म्हणाला, "बघू." मीही काकांकडे फारसं लक्ष दिलं नाही हे कबूल करते. कासियानकाका टेलिफोनच्या तारांपासून दह्याच्या डब्यांपर्यंत सगळ्यावर कुरकुर करतात. कधी ऐकायचं आणि कधी सोडून द्यायचं हे कळेनासं होतं.

गंमत अशी की त्याच सकाळी कामावर गेल्यावर रोमेडने स्वतः स्टेशनशेजारचा मोकळा उतार दोरखंड लावून बंद केला होता, आणि दोरखंडाखालून जाणाऱ्या दोन पाहुण्यांना परत बोलावून झापलं होतं. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या गेबहार्डने मला नंतर सांगितलं. रोमेड त्यांना म्हणाला होता, "डोंगर तुमच्या ओळखीचा नाही. घरी बायकामुलं असतील ना?" दुपारी पाळी संपल्यावर त्याने आपलं शोधयंत्र स्टेशनातल्या खिळ्याला टांगलं. कंपनीचं, कामाच्या वेळचं. घरच्या कुरणात कशाला?

माझ्याकडे तर ते कधीच नव्हतं.

स्कीखाली चढणीच्या पट्ट्या लावून आम्ही दीड तासात खोपटीपाशी पोहोचलो, झाडांच्या कडेकडेने. दार अर्धं बर्फात होतं. रोमेडने छपराखालचं फावडं काढून दार मोकळं केलं. चार गोष्टी सुनवायच्या तयारीनेच मी आत शिरले.

खोपटी गवताने भरलेली होती, अगदी आढ्यापर्यंत. दाराशी एक माणूस बसेल एवढी पोकळी, आणि गवताला कुणीतरी टेकून बसल्याची खळगी. गवताच्या कडेला दाताळ्याने ओढून सारखं केल्याच्या रेघा जशाच्या तशा, आणि वर खुंटीला आईचं दाताळं.

"हे आफ्राचंच गवत का? शेवटचं?" मी विचारलं.

"हो."

"खाली नाही आणलंस."

"नाही." मग खळगीकडे बघत म्हणाला, "नवीन कापलं तर ठेवायला जागा नाही, झेन्झी."

चार वर्षं मी या माणसाला आळशी म्हणत होते. मी त्या खळगीशेजारी बसले. गवताला अजून वास होता, थोडा चहासारखा, थोडा पोटमाळ्यासारखा. रोमेडने खिशातून सुक्या मांसाचा तुकडा आणि पाव काढला, कापून मला दिला, आम्ही खाल्लं. दाताळ्याचं नाव मी काढलं नाही. मला माझ्या बहिणीची फार आठवण आली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं की ती आठवण वाटून घ्यायला इथे अजून कुणीतरी आहे.

बाहेर येऊन त्याने दोरी कमरेला बांधली आणि उलगडली. "मी जातो पुढे. मी खाली पोहोचून हात केला की तू ये. एका वेळी एकच."

"माहीत आहे मला. शिकवू नकोस."

तो निघाला. मी फावडं छपराखाली ठेवायला वळले होते, हातातच होतं. दोन वळणं घेतली असतील त्याने, लाल दोरी मागे सरपटत होती, तेवढ्यात ते वरचं काळं तोंड रुंद झालं. आवाज मोठा नव्हता, कुणीतरी जड कपाट सरकवल्यासारखा. अख्खं कुरण एकाच वेळी खाली चालू लागलं. रोमेडने एकदा वर बघितलं. मग बर्फाचे घराएवढे तुकडे एकमेकांवर चढले आणि तो दिसेनासा झाला.

मी ओरडले की नाही आठवत नाही. डोळे मात्र हलवले नाहीत. शेवटचा दिसला ती जागा सोडायची नाही, हे वडिलांनी पाठ करून घेतलं होतं. लोट खालच्या सपाटीवर जाऊन थांबला आणि सगळं गप्प झालं.

माझ्या आणि त्याच्यामध्ये आता बर्फ नव्हताच. होतं ते गवत. गुडघाभर लांब, पिवळं, ओलं, तेल लावून चापून विंचरलेल्या केसांसारखं उताराच्या दिशेने झोपलेलं. स्कीचा उपयोग नव्हता. मी स्की काढल्या, फावडं मांडीवर आडवं घेतलं आणि बुडावर बसून घसरत निघाले. एकसष्टाव्या वर्षी. थांबायचा प्रयत्न केला असता तरी थांबले नसते इतकं ते निसरडं होतं. कासियानकाका काय म्हणत होते ते मला त्या घसरगुंडीवर कळलं, अंगाला कळलं.

खाली बर्फाची गोठलेली ढेकळं, नांगरलेल्या शेतासारखी. मी शेवटच्या जागेपासून खाली सरळ चालत गेले. हाका मारल्या. काही नाही. मनात आकडे मोजत होते, कारण पाव तासानंतर काय होतं हे इथे प्रत्येकाला माहीत असतं. तीन मिनिटं. चार. हातमोजा नाही, टोपी नाही, स्की नाही. सगळं पांढरं आणि मधे मधे माती.

मग लाल दिसलं. बोटभर, दोन ढेकळांच्या मधे.

मी गुडघ्यांवर पडले आणि ओढलं. हातभर दोरी सुटली आणि बिल्ला आला. बाण वर, चढाकडे. तो नसता तर मी उलट्या बाजूला खणायला लागले असते. बाणाच्या दिशेने पुढचा बिल्ला, मग पुढचा, मग दोरी सरळ खाली गेली. तिथे खणलं. असा बर्फ थांबला की सिमेंट होतो. फावड्याने तोडायचं, हाताने फेकायचं. मी आफ्राला शिव्या देत होते, वडिलांना देत होते, रोमेडला तर भरपूर. सात मिनिटं, आठ, नऊ. खांद्याचा निळा कपडा लागला. चेहरा कुठल्या बाजूला हे कळेना. डावीकडे खणलं, कान लागला, मग गाल. तोंडात बर्फ आणि गवत. मी बोट घालून ते काढलं, लहान मुलाच्या तोंडातून काढतात तसं.

तो राखेच्या रंगाचा होता. मी त्याच्या गालावर मारलं. "रोमेड. बघू म्हणू नकोस. आत्ता. आत्ता श्वास घे."

त्याने घेतला. आधी फाटल्यासारखा, मग खोकला, मग आणखी एक. डोळे उघडायला बराच वेळ लागला. मग तो म्हणाला, "झेन्झी, माझ्या हातावर उभी आहेस."

मी रडले, आणि हातावरून बाजूला झाले.

वरच्या स्टेशनातून गेबहार्डने लोट उठलेला बघितला होता. तो आणि दोघं, कुत्र्यासकट, पोहोचले तेव्हा मी रोमेडला छातीपर्यंत मोकळं केलं होतं. मग हेलिकॉप्टर आलं. गळ्याजवळचं हाड आणि दोन बरगड्या मोडलेल्या, आणि एक कान गारठून काळा पडलेला. इन्सब्रुकच्या दवाखान्यात बारा दिवस.

गावात लोक म्हणायला लागले, आफ्राने वाचवलं त्याला. मी प्रत्येकाला दुरुस्त केलं. वाचवलं मी. माझी बोटं आठवडाभर सुजलेली होती, आफ्राची नाही. तिने दोरी सांभाळली होती एवढंच, आणि तिला ती सांभाळता येत होती हे वडिलांना बहुतेक माहीत होतं. मला दिली असती तर मी ती कपडे वाळत घालायला वापरली असती.

दवाखान्यात मी गेले की रोमेड भिंतीकडे बघत पडलेला असे. दुखतंय का, नाही. सूप पिणार का, नाही. 'बघू'सुद्धा म्हणेना. मला त्याची खरी भीती तिथे वाटली, बर्फात नाही. बर्फात करायला काहीतरी होतं.

बर्फाखालून परत आलेल्या माणसाचा आमच्याकडे दुसरा वाढदिवस करतात. मार्चच्या शेवटी गावच्या खानावळीत आम्ही तो केला, केकवर एकच मेणबत्ती. गेबहार्डने भेट म्हणून कागदात गुंडाळलेली मोठी पाटी आणली. उघडली तर 'उतार बंद' ही रोमेडनेच रंगवलेली पाटी. "घरी लाव," गेबहार्ड म्हणाला, "पलंगाच्या वर. बायकामुलं आहेत का विचारणाऱ्या माणसाला उपयोगी पडेल." सगळे हसले, रोमेडही कसाबसा हसला. मग कडू मुळांच्या दारूचा पेला हातात घेऊन तो माझ्याकडे वळला आणि हळू आवाजात बोलायला लागला. इतकं सलग बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

"तू वर होतीस, झेन्झी. मी खाली पोहोचलो असतो आणि हात केला असता, तर तू उतरली असतीस. ते दोन वळणं उशिरा सुटलं असतं तर तू त्यात असतीस. तुझ्या कमरेला दोरी नव्हती. मी गवत कापलं नाही म्हणून. मी आफ्राला काय तोंड दाखवलं असतं?"

"मी माझ्या पायांनी आले होते," मी म्हटलं.

"गवत माझं होतं."

कासियानकाका शेजारी बसले होते. त्यांना आता 'मी सांगितलं होतं' म्हणायचा पूर्ण हक्क होता. ते म्हणाले, "माझ्या विळ्यांना मी धार लावून ठेवतो. ऑगस्टमध्ये खोपटीपर्यंत सामानाच्या पाळण्याची तार ओढ आणि त्यातून मला वर पाठव."

रोमेडने त्यांच्याकडे बघितलं. "पाठवतो," तो म्हणाला.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही वर होतो. काका खोपटीच्या सावलीत बसून विळ्यांची पाती ठोकत होते आणि आमच्या कापण्याला नावं ठेवत होते. खालच्या थरात चार वर्षांचं मेलेलं गवत चिकटून बसलेलं, विळा अडकायचा. पाच दिवस लागले, एरवी तीन लागतात. रोमेडचा खांदा दुखायचा, तो थांबायचा आणि परत कापायचा. कापलेलं वाळलं आणि ते आत टाकायची वेळ आली, तेव्हा काका आणि मी दोघंही उगाच आपापले बूट बघायला लागलो.

रोमेड आत गेला. बराच वेळ गेला. मग त्याने खळगीच्या बाजूने गवत उचलायच्या काट्याने पहिला पुंजका उचलला आणि बाहेर आणला. त्याच्या मागोमाग दुसरा.

"थोडं उशीत भरून देते तुला," मी म्हटलं. "वास राहील."

"नको. गवत गुरांसाठी असतं. उशीत भरलेलं बघून ती ओरडली असती."

ओरडली असती, हे खरं होतं. आम्ही जुन्या गवताचे भारे बांधून पाळण्याच्या तारेवरून खाली सोडले. रिकाम्या खोपटीत तो दाताळं घेऊन एकदा सगळी जमीन ओढून आला, आणि मग ते दाताळं माझ्या हातात दिलं. मी ते परत खुंटीला लावलं. तिथलंच होतं ते.

संध्याकाळी गोठ्यात रोमेडने ब्ल्युमीपुढे त्यातलं कवळभर गवत टाकलं. ही त्याची गाय, दुधासाठी घरी ठेवलेली, खाण्याच्या बाबतीत महाराणी. पाच वर्षांचं गवत. मी मनात म्हटलं, ही तोंड लावणार नाही आणि हा माणूस पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडणार. गाईने हुंगलं. फुस्स करून गवत उडवलं. मान दुसरीकडे केली.

"नको असेल तिला, तर राहू दे," मी म्हटलं. "खाली अंथरू."

"बघू," रोमेड म्हणाला.

तो तिच्या शेजारी उभा राहिला, हात तिच्या पाठीवर, काहीही न करता. मीही उभी राहिले, मला वाट बघायची सवय नसताना. मग ब्ल्युमीने मान खाली घातली आणि कडेची एक काडी ओढली. चघळली. मग तोंडभर घेतलं. तिने सगळं संपवेपर्यंत आम्ही तिथेच होतो. रोमेडचे गाल ओले होते, त्याने ते पुसले नाहीत.

सकाळी तो दुधाचा कॅन घेऊन माझ्या दारात आला. स्वतःच कपाटातून दोन पेले काढले, ओतलं आणि बसला. "आफ्राच्या गवताचं," तो म्हणाला.

मी प्यायले. तो माझ्याकडे बघत होता. दुधाला दुधाचीच चव होती. तसं मी म्हटलं नाही. रिकामा पेला पुढे केला आणि म्हटलं, "अजून घाल."